अरुंद रुळांची वाट

आगगाडीवर जीव जडलेली माणसे जगात सर्वत्र आढळतात. इंजिनाच्या शिट्टीवरून ती त्याची जात ओळखतात, कालबाह्य वेळापत्रके पोथीसारखी जपतात आणि बंद पडलेल्या एखाद्या मार्गाचे नाव निघाले, की दिवंगत आप्ताविषयी बोलावे तशा हळुवार स्वरात बोलू लागतात. जग त्यांना 'रेल्वेवेडे' म्हणते. या वेड्यांच्या मेळ्यात माझाही एक कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यात जिची तसबीर टांगलेली आहे ती गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे.

वसईच्या आपल्या वाचकांपैकी अनेकांनी तिचे नावही ऐकलेले नसेल. पश्चिम रेल्वेच्या गर्दीत वाढलेल्या आपल्या लेकरांना तर ती परीकथेतली वाटावी. मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी गावे घेत लातूरपर्यंत सुमारे ३२५ किलोमीटर धावणारी ही लहानशी आगगाडी होती. आपल्या नेहमीच्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते, तिच्या रुळांत होते अवघे अडीच फूट. एखाद्या उंच माणसाला दोन्ही रुळांवर पाय ठेवून सहज उभे राहता यावे इतके. ती आज नाही. तिच्याच वाटेवर बहुतेक ठिकाणी आता रुंद रूळ अंथरलेले आहेत आणि त्यांवरून लांबलचक गाड्या वेगाने जातात. हरपलेल्या गोष्टीची आठवण कशी जपावी, हा प्रश्न मला या गाडीने घातला. त्याविषयी दोन शब्द लिहावेत असे फार दिवसांपासून मनात होते.

ही गाडी एका माणसाच्या चिकाटीतून जन्मली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई-सोलापूर मार्गावर तेव्हा 'बार्शी रोड' नावाचे एक स्थानक होते. तेच आजचे कुर्डुवाडी. तेथून बार्शी वीस-बावीस मैल आत. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण तिचा सारा माल बैलगाड्यांतून स्थानकापर्यंत यावयाचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतावयाची आणि पेठ हात जोडून बसावयाची. मोठी रेल्वे तेथवर नेणे कोणालाही परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉपने लहान रेल्वेचा विचार मांडला आणि परवानगीसाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. अखेर १८९५ साली लंडनमध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी धावू लागली. दख्खनवर दुष्काळाची छाया पडली होती तो हा काळ.

कॅलथ्रॉपचे मोठेपण गाडी लहान करण्यात नव्हते. लहान गाड्या त्याच्या आधीही होत्या. त्याने एक साधा पण मोलाचा नियम घालून घेतला. इंजिन असो, मालाचा डबा असो की उतारूंचा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. एरवी इंजिनाचे वजन सर्वांत जास्त, म्हणून त्याच्यासाठी सारा मार्ग भक्कम बांधावा लागतो आणि खर्च वाढतो. कॅलथ्रॉपने लीड्सच्या किटसन कारखान्याकडून जी इंजिने करवून घेतली, त्यांचा भार चार जोड आसांवर सारखा वाटून दिला होता. डब्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे, हलके तरीही दणकट असे बनविले. हे सारे सामान जहाजावर चढण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्याची कसून चाचणी घेण्यात आली. भार समान वाटला गेल्यामुळे हलके रूळ पुरले, आणि हलके रूळ पुरले म्हणूनच रेल्वे त्या गरीब मुलखात पोहोचू शकली. संत पौलाने गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहण्याविषयी जे लिहिले, ते एका अभियंत्याने लोखंडात उतरविले असे मला नेहमी वाटत आले आहे. जो सर्वांत बलवान, त्यानेही जमिनीवर इतरांइतकाच भार टाकावयाचा.

याच माणसाने पुढे विमानातून उडी घेण्यासाठी हवाई छत्री तयार केली. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० साली विमान अपघातात मरण पावला आणि त्या दुःखातून कॅलथ्रॉप या कामाला लागला. आपल्या छत्रीला त्याने नाव दिले 'गार्डियन एंजल', म्हणजे आपला रक्षकदूत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना मात्र अशी छत्री नाकारली गेली आणि कित्येक तरुण उगाच मृत्युमुखी पडले. १९२७ साली कॅलथ्रॉप वारला, आणि योगायोग असा, की त्याच वर्षी त्याची लाडकी रेल्वे मिरजेपर्यंत पोहोचून पूर्ण झाली. त्यापूर्वी १९०६ साली ती पंढरपूरला आणि १९११ साली निजामाच्या राज्यातील लातूरला गेली होती. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत 'बार्शी लाइट'च राहिली.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी नोकरीनिमित्त माझा मुक्काम बार्शीस होता. गावात आपले चर्च नव्हते. महिन्यातून एकदा तरी मिस्सा चुकू नये म्हणून मी सोलापूरला जात असे. एस.टी.ने हा प्रवास थोडक्या वेळात होई. मी मात्र शनिवारी दुपारी छोटी गाडी पकडून कुर्डुवाडीला जाई आणि तेथे मोठ्या गाडीची वाट पाहत बसे. सहकारी हसत. त्यांना काय सांगावे? त्या गाडीत बसले, की वेळ आपल्या हातातून सुटे आणि त्याचे वाईटही वाटत नसे.

डबा अरुंद, बाके समोरासमोर. समोरच्या माणसाच्या गुडघ्याला आपला गुडघा लागावयाचाच. त्यामुळे अनोळखीपण फार काळ टिकत नसे. कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या पायाशी भुईमुगाच्या शेंगांचे पोते. खिडकीतून कोळशाची बारीक भुकटी येई आणि पांढऱ्या सदऱ्यावर ठिपके उमटत. दोन्ही बाजूंना ज्वारीची उभी पिके, त्यांत एखादी विहीर, एखादे लिंबाचे झाड. वळणावर गाडी आली, की शेवटच्या डब्यातल्या माणसाला इंजिन दिसे आणि इंजिनावरचा माणूस मागे वळून पाही. चढावर गाडी इतकी मंदावे, की तरुण पोरे खाली उतरून तिच्याबरोबर चालत आणि पुन्हा चढत. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात इंजिनाचा श्वास ऐकताना आपल्यालाच धाप लागल्यासारखे होई. सारा डबा जणू मनातल्या मनात गाडी ढकलीत असे.

आषाढी जवळ आली, की या गाडीचे रूप पालटे. मराठवाड्यातून पंढरीला निघालेले वारकरी डब्यांत मावत नसत, टपावर बसत. टाळ, पताका, तुळशीची रोपे, शिदोरीची गाठोडी. अशाच एका शनिवारी माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. माझ्या हातात जपमाळ होती. तिने ती निरखून पाहिली.

"ही कसली माळ रं लेकरा?"

"आमच्या मरियामाउलीची, आजी."

"माउलीची?" तिने आपल्या गळ्यातील तुळशीमाळ बोटाने जरा पुढे केली. "मग झालं तर. माळ ती माळच."

एवढे बोलून तिने गाठोडे सोडले आणि भाकरीवर शेंगांची चटणी घालून माझ्या हातावर ठेवली. पुढे कुर्डुवाडीपर्यंत आम्ही दोघांनीही आपापला जप केला. आपल्या रमेदीच्या माउलीच्या यात्रेला किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या बायका मी पाहिलेल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांत आणि या म्हातारीच्या डोळ्यांत मला एकच ओढ दिसली. त्या अरुंद डब्यात धर्मांतील अंतर बाकांतील अंतराएवढेच उरले होते.

पुढे माझी बदली झाली, पण गाडीचा नाद सुटला नाही. आमच्यासारख्यांचा एक लहानसा गट जमला. कोणी निवृत्त गार्ड, कोणी शाळामास्तर, कोणी छायाचित्रांचा शौकीन. वर्षातून एकदोनदा भेटावे, जुनी छायाचित्रे पाहावीत, आठवणी सांगाव्यात असा परिपाठ पडला. अरग, कवठेमहांकाळ, सांगोला, मोडनिंब, पांगरी, मुरूड, हरंगुळ ही स्थानकांची नावे आमच्यात कोणीतरी एका दमात म्हणून दाखवी, जणू संतांची स्तवनमाला. मात्र या बैठकींत एक कडवट सूरही उमटे. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला १९९९ साली, निलगिरीच्या गाडीला २००५ साली आणि कालका-सिमल्याच्या गाडीला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. कालका-सिमल्याचे रूळ तर बार्शीसारखेच अडीच फुटी. त्या तिन्ही गाड्या थंड हवेच्या डोंगरांवर जाणाऱ्या, साहेबांच्या उन्हाळ्यासाठी प्रथम बांधलेल्या. कापसाची, शेतकऱ्यांची आणि वारकऱ्यांची गाडी मात्र गाजावाजा न होता नाहीशी झाली. हा सल आमच्या प्रत्येकाच्या मनात होता आणि तो खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही.

अशाच एका भेटीच्या वेळी आम्ही कुर्डुवाडीच्या फलाटावर चहा पीत उभे होतो. छोट्या गाडीचे गुणगान चालले होते. जवळच एक वृद्ध हमाल बाकावर बसून आमचे बोलणे ऐकत होता. त्याची हयात त्या स्थानकातच गेली होती. आमच्यापैकी कोणीतरी त्यालाही विचारले, "बाबा, तुम्हांला आठवते की नाही ती गाडी?"

तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "न आठवून काय करतो? गाडी बारकी हुती सायेब, पर पोतं काय बारकं नव्हतं."

कोणी काही बोलले नाही. त्याच्या त्या एका वाक्यात या रेल्वेची दुसरी कथा सामावलेली होती. लहान रुळांवरचा डबा मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून लातूरची डाळ, बार्शीचा कापूस, सारे काही कुर्डुवाडीला उतरवावे लागे आणि माणसांच्या पाठीवरून मोठ्या डब्यांत चढवावे लागे. शंभर किलोचे पोते एकदा लहान डब्यातून खाली, एकदा मोठ्या डब्यात वर. दिवसभर, वर्षभर, पिढ्यान्‌पिढ्या. कॅलथ्रॉपने इंजिनाचा भार चार आसांवर वाटला. जेथे अडीच फूट संपून साडेपाच फूट सुरू होत, तेथे मात्र तो सारा भार एका माणसाच्या मणक्यावर येऊन पडत असे. आमच्या छायाचित्रांत इंजिने होती, पूल होते, सिग्नल होते. ते वाकलेले मणके त्यांत फारसे नव्हते.

व्यापाऱ्यांनाही ही दुबार हाताळणी महाग पडे. मालवाहतूक हळूहळू मालमोटारींकडे गेली, उतारू एस.टी.कडे गेले. मग मार्ग रुंद करण्याचे काम निघाले. नव्या शतकाच्या आरंभी कुर्डुवाडी-पंढरपूर हा तुकडा पालटला. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी हे तुकडे रुंद झाले. त्यानंतर पंढरपूर-मिरजेची पाळी आली. जिल्ह्याचे ठिकाण असूनही उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, छोट्या गाडीच्या वाटेवर नव्हते. तेथील लोकांना येडशी गाठावी लागे. नव्या मार्गाने वळसा घेऊन त्या शहराला प्रथमच स्वतःचे स्थानक दिले. आज मुंबईहून रात्री निघालेला माणूस डबा न बदलता सकाळी लातूरला उतरतो.

कॅलथ्रॉपची एक धाकटी रेल्वे इंग्लंडातही होती. लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली. रूळ तेच, अडीच फुटांचे. १९०४ साली सुरू झालेली ही सुंदर गाडी १९३४ साली बंद पडली आणि तिच्या वाटेची तीन वर्षांनी पायवाट झाली. तेथे आता लोक हौसेने फिरावयास जातात. तीस वर्षांत तिची गरज संपली. बार्शीची गाडी शतकाहून अधिक काळ जगली आणि गेली ती गरज संपली म्हणून नव्हे. गरज तिच्या खांद्यांहून मोठी झाली होती.

ती किती मोठी झाली होती, हे २०१६ च्या उन्हाळ्यात दिसून आले. लातूर शहराचे पाणी आटले होते. पाण्याच्या साठ्यांजवळ मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढण्याची वेळ आली होती. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन एक आगगाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोहोचली, तेव्हा तिला पाहण्यासाठी माणसे झोपेतून उठून आली होती. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली आणि एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. पावसाळ्यापर्यंत हा क्रम चालू राहिला. लोकांनी तिला 'जलदूत' म्हटले.

वर्तमानपत्रात मी त्या गाडीचा मार्ग वाचला. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच ती बार्शी लाइटची वाट! छोट्या गाडीच्या आसांना हे ओझे पेलले नसते. पण ती वाट मुळात तेथे आखली गेली ती छोट्या गाडीसाठीच. मोठी रेल्वे ज्या मुलखात यावयास तयार नव्हती, तेथे ती हलक्या पावलांनी आधी जाऊन आली होती.

शुभवर्तमानात प्रभू आपल्याला अरुंद दरवाजाने आत जावयास सांगतो आणि रुंद वाटेपासून सावध करतो. आम्हां रेल्वेवेड्यांना हा दृष्टान्त अगदी सोयीचा वाटे. अरुंद ते पवित्र, रुंद ते भ्रष्ट, असा त्याचा अर्थ आम्ही बैठकींत थट्टेने लावीत असू. परंतु त्या हमालाचे वाक्य आणि लातूरची पाण्याची गाडी या दोन गोष्टी मनात शेजारी ठेवल्या, की प्रभूच्या शब्दांचा रोख रुळांच्या अंतराकडे नसून ओझे कोणाच्या पाठीवर पडते याकडे आहे, असे जाणवते. छोट्या गाडीचे पुण्य तिच्या अरुंदपणात नव्हते. ज्यांच्याकडे कोणी जात नव्हते त्यांच्याकडे ती गेली, आणि जमिनीला पेलेल तेवढाच भार घेऊन गेली, यात ते होते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो, तेव्हा त्याला पीक येते, हेही त्याच प्रभूने सांगितले आहे. बार्शी लाइटच्या बाबतीत ते मी माझ्या हयातीत घडलेले पाहिले.

म्हणून आता आमच्या गटात आम्ही एक नवे काम हाती घेतले आहे. इंजिनांच्या आणि पुलांच्या छायाचित्रांबरोबर माणसांच्या आठवणीही टिपून ठेवावयाच्या. हमालांच्या, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या, कुर्डुवाडीच्या कारखान्यातील फिटरांच्या, फलाटावर भाकरी विकणाऱ्या बायकांच्या. त्यांतले बरेच जण आता राहिले नाहीत. जे आहेत ते थकले आहेत. विचारावयास गेले, की आधी संकोचतात. "आमचं काय लिवायचं?" म्हणतात. मग एकदा बोलू लागले, की संध्याकाळ होते.

वाचकहो, रेल्वेच्या नोकरीवर आपल्या समाजातील कित्येक घरे उभी राहिली आहेत. इगतपुरी, भुसावळ, दौंड, कल्याण येथील वसाहतींत आपली माणसे ड्रायव्हर होती, गार्ड होती, फिटर होती. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला न जाता त्यांनी इंजिनात कोळसा टाकलेला आहे, जेणेकरून दुसरे कोणी सणाला घरी पोहोचावे. अशा एखाद्या आजोबांची पितळी शिट्टी, हाताचा कंदील किंवा घामाने पिवळी पडलेली हजेरीची वही आपल्या माळ्यावर असेल. ती खाली काढावी, पुसावी, आणि ज्याने ती वापरली त्याच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चार ओळी लिहून ठेवाव्यात. हे काम या सुटीतच करावे. वडीलधाऱ्यांपाशी फार वेळ उरलेला नाही.